नाव तेच, वस्तू दुसरी!

सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझ्याकडे रिव्हॉल्व्हर नाही, परवाना नाही आणि दोन्ही मिळवायची इच्छाही नाही. आयुष्यात एकदाही गोळी झाडलेली नाही. सरकारी कारकुनाला शस्त्र म्हणून लाल शाईचे पेन पुरते! तरीही आज रिव्हॉल्व्हरवर लिहितो आहे. या विषयावर गेली काही वर्षे जे हाती लागले ते वाचत आलो, आणि त्यातली एक गोष्ट मनात रुतून बसली. त्याच गोष्टीवर आमच्याकडची शहाणी माणसे जे बोलतात, ते ऐकून डोके तापते.

गोष्ट अशी. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट या दोन कंपन्यांची जुनी रिव्हॉल्व्हरे जमवणारा मोठा वर्ग आहे. या मंडळींच्या बोलण्यात एक सूर सतत ऐकू येतो : विकायला नको होते. कुणी घराच्या हप्त्यासाठी विकले, कुणी मुलाच्या फीसाठी, कुणी नव्या पद्धतीचे पिस्तूल घ्यायचे म्हणून. नंतर पैसे आले, तेव्हा त्याच कंपनीचे, त्याच नावाचे नवे रिव्हॉल्व्हर विकत आणले. हातात घेतले आणि लक्षात आले की हे ते नव्हेच.

यावर आमचे शहाणे तीन तऱ्हांनी बोलतात. पहिला म्हणतो, भाव वाढला म्हणून पोटात दुखते आहे, दुसरे काही नाही. दुसरा (हा बहुधा इंजिनिअर असतो) म्हणतो, नवा माल जुन्यापेक्षा अचूक आणि मजबूत असतो, बाकी सगळे जुन्याचे चोचले. तिसरा नाक मुरडून म्हणतो, माणसे मारायच्या हत्याराचे कसले कौतुक करता? तिघांचाही समाचार घ्यायचा आहे. पण त्याआधी काय बदलले ते नीट पाहू. पुरावा न पाहता टिप्पणी लिहायची सवय मला नाही.

स्मिथ अँड वेसन ही तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची कंपनी. १९०८ च्या सुमारास तिने एक मोठे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचा सिलिंडर मिटला की तो तीन जागी अडकत असे. म्हणून संग्राहक त्याला 'ट्रिपल लॉक' म्हणतात. तिसरी कडी बसवायला फार बारीक काम लागे. १९१५ मध्ये कंपनीने ती काढून टाकली आणि किंमत २१ डॉलरवरून १९ डॉलरवर आणली. दोन डॉलर वाचले! अशी सुमारे १५ हजारच रिव्हॉल्व्हरे बनली होती. आज संग्राहक त्यांच्यामागे धावतात. म्हणजे हे दुखणे कालपरवाचे नाही.

१९३५ मध्ये याच कंपनीने .३५७ मॅग्नम हे नवे काडतूस आणि त्यासाठीचे रिव्हॉल्व्हर काढले. गिऱ्हाईक सांगेल त्या लांबीची नळी, सांगेल ती माशी, आणि प्रत्येक नगाची गिऱ्हाइकाच्या नावाने नोंद. पहिला नग एफबीआयच्या एडगर हूव्हरला दिला गेला. मंदीचा काळ, तरी हे महागडे रिव्हॉल्व्हर खपले. युद्धानंतर तो थाट राहिला नाही. १९५७ मध्ये नावे जाऊन नंबर आले, मॉडेल १९, मॉडेल २७, मॉडेल २९ असे. १९६० च्या दशकाच्या मध्यात वेसन घराण्याने कंपनी बँगर पुंटा नावाच्या मोठ्या उद्योगसमूहाला विकली. ज्या घराचे नाव नळीवर कोरलेले, त्या घराचा कारखान्याशी मालकीचा संबंध संपला.

आता १९८२. संग्राहकांच्या तोंडी हे साल आपल्याकडच्या १९६१ सारखे आहे, त्याच्या आधीचे आणि नंतरचे अशी सरळ वाटणी! त्या वर्षी दोन गोष्टी गेल्या. पहिली म्हणजे पिन. नळी फ्रेममध्ये आट्यांनी घट्ट बसवली की फ्रेमला आडवे भोक पाडून, नळीच्या खाचेतून एक बारीक पिन ठोकत. हेतू एकच, नळी फिरू नये. दुसरी गोष्ट म्हणजे काडतुसाची घरे. मॅग्नम रिव्हॉल्व्हरांत प्रत्येक घराच्या तोंडाशी एक गोल खाच असे. काडतुसाची किनार तिच्यात पूर्ण बुडे आणि सिलिंडरची पाठ सपाट दिसे. सहा घरे, सहा खाचा, म्हणजे तेवढे काम जास्त. १९८२ मध्ये दोन्ही कामे वगळली. नळी नुसती आवळून बसवू लागले, काडतुसाची किनार उघडी राहू लागली.

पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घोडा आणि चाप बनवायची रीतच बदलली. पूर्वी हे भाग पोलाद ठोकून घडवत, मग कापून, कानशीने घासून जुळवत. आता धातूची भुकटी बंधकात कालवतात, साच्यात दाबतात आणि भट्टीत भाजतात. भाग जवळजवळ तयारच बाहेर पडतो, घासायला फारसे काही उरत नाही. घोड्याच्या नाकावर बसवलेली फायरिंग पिन होती, तीही त्याच सुमारास घोड्यावरून निघून फ्रेममध्ये गेली.

आणि मग आले कुलूप. मार्च २००० मध्ये कंपनीने क्लिंटन सरकारशी सुरक्षेच्या अटींचा एक करार केला. अमेरिकेतले बंदूकवाले खवळले आणि त्यांनी बहिष्कार टाकला. टॉमकिन्स या ब्रिटिश मालकांनी १९८७ मध्ये ११ कोटी २५ लाख डॉलरना घेतलेली ही कंपनी २००१ मध्ये अवघ्या दीड कोटी डॉलरना विकली (कर्ज घेणाऱ्याच्या माथी, ते वेगळे). घेणारी कंपनी कोणती? सेफ-टी-हॅमर, बंदुकीची सुरक्षा-कुलपे करणारी! मग काय, रिव्हॉल्व्हराच्या डाव्या अंगाला किल्लीचे एक बारीक भोक आले. दीडशे वर्षांच्या घाटाला पडलेले ते भोक संग्राहकांच्या डोळ्यांत आजही सलते. अलीकडे कंपनीने काही मॉडेल पुन्हा बिनकुलपाची काढली आहेत. इतकी वर्षे जे हवे म्हणून सांगितले, ते आता नको झाले. आता बोला!

कोल्टची कथा निराळी, पण शेवट तोच. 'पायथन' हे त्यांचे रिव्हॉल्व्हर १९५५ मध्ये १२५ डॉलरना बाजारात आले. त्या काळात ही मोठीच रक्कम. त्याची गंमत दोन गोष्टींत होती. एक, आतली यंत्रणा माणूस हाताने घासून जुळवी. दोन, त्याचा निळा रंग. तो रंग म्हणजे मुलामा नव्हे, पोलादच आरशासारखे चकचकीत करून मग त्याला निळे करत. पॉलिश करणाऱ्याच्या हाताची सफाई नसेल तर कडा गोल होतात आणि अक्षरे पुसट होतात. १९८६ मध्ये कोल्टच्या कामगारांनी संप केला, तो १९९० पर्यंत चालला. १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. १९९९ नंतर पायथन फक्त खास मागणीवर बनू लागले आणि २००५ पर्यंत तेही थांबले. २०२० मध्ये ते परत आले, १,४९९ डॉलरना, स्टेनलेस स्टीलमध्ये, आतली यंत्रणा नव्याने आखून. नाव तेच, पायथन.

आता पहिल्या शहाण्याकडे वळतो. भाव वाढला म्हणून हळहळ, असे त्याचे म्हणणे. भाव वाढले, हे खरेच. १९८० च्या दशकात अमेरिकेतली पोलीस खाती रिव्हॉल्व्हर सोडून मॅगझिनच्या पिस्तुलांकडे वळली. वापरलेली रिव्हॉल्व्हरे ढिगाने बाजारात आली, भाव पडले, लोकांनी विकून टाकली. त्याच जुन्या पायथनला आज हजारो डॉलर पडतात. पण बाबा रे, ज्याचे दुःख फक्त पैशाचे आहे, तो माणूस स्वस्तात विकलेली वस्तू महागात परत घेत नाही. शेअर बाजारवाल्याला विचार! आणि ही माणसे नेमके तेच करतात. विकले त्याच्या कितीतरी पट पैसे मोजून तेच मॉडेल शोधत फिरतात, आणि नवे समोर असताना जुने मागतात. याला पैशाची हळहळ म्हणणे म्हणजे आईच्या हातच्या आमटीच्या आठवणीला डाळीच्या भावाची हळहळ म्हणण्यासारखे आहे.

दुसरा शहाणा जास्त अवघड, कारण त्याच्या म्हणण्यात बरेच खरे आहे. पिन गेली म्हणून नळ्या उडून पडल्या नाहीत. घराच्या तोंडाची खाच ही काडतुसांची जुनी टोपणे कच्ची असतानाच्या काळातली काळजी. आजचे पितळ भक्कम आहे, खाच नसली तरी अडत नाही. भट्टीत भाजलेला चाप रोजच्या वापरात टिकतो. जुने पायथन भरपूर वापरले की सिलिंडर आणि घोड्याचा मेळ सुटायचा आणि मग ते जुळवणारा जाणकार शोधावा लागायचा. नव्यात सुटे भाग कमी केले आहेत, फ्रेमच्या वरच्या पट्टीत पोलाद वाढवले आहे. हे सगळे मान्य. जुने ते सोने, हे म्हणणे मला मुळातच पटत नाही.

पण माझा मुद्दा मजबुतीचा नाहीच. मी फाइलींत आयुष्य घालवलेला माणूस आहे, म्हणून फाइलीच्या भाषेत सांगतो. एखादी योजना हळूहळू कशी बदलते ते मी रोज पाहतो. पहिली टिप्पणी येते, अमुक अट अनावश्यक आहे, वगळावी. कारण दिलेले असते आणि ते पटण्यासारखे असते. सही होते. दोन वर्षांनी दुसरी टिप्पणी येते, तीही पटण्यासारखी. पाच-सहा टिप्पण्यांनंतर मूळ योजना उरलेलीच नसते, पण फाइलीवरचे शीर्षक मात्र तेच. कुठल्याही एका पानावर बोट ठेवून इथे चूक झाली असे म्हणता येत नाही. सगळी पाने मिळून काय झाले, अशी टिप्पणी कुणी कधी मांडतच नाही! रिव्हॉल्व्हराचे नेमके हेच झाले. पिन वगळावी, मान्य. खाच वगळावी, मान्य. घडीव चाप वगळावा, मान्य. फिटरचे काम कमी करावे, मान्य. प्रत्येक सही रास्त. आणि शेवटी जे उरले त्यावर पूर्वीचेच नाव, पूर्वीच्याच ऐटीत. जाहिरातीत मात्र आजोबांच्या काळच्या परंपरेचा उल्लेख हटकून. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

इथे कंपनीची बाजूही सांगायला हवी. स्मिथ अँड वेसनने बदल लपवले नव्हते. मॉडेलच्या नंबरापुढे रेघ मारून आणखी एक आकडा घालायची त्यांची पद्धत. १९८२ मध्ये पिन आणि खाच गेली तेव्हा मॉडेल १९-४ चे १९-५ झाले, २९-२ चे २९-३ झाले. सिलिंडर बाहेर काढला की फ्रेमवर तो आकडा दिसतो. म्हणजे सूचना अगदी वस्तूवरच कोरलेली होती. वाचली कुणी नाही. म्हणून या संग्राहकांना नुसते बिचारे म्हणायला मी तयार नाही. १९७१ मध्ये 'डर्टी हॅरी' सिनेमा आला, तेव्हा लोक मॉडेल २९ साठी छापील किमतीपेक्षा जास्त मोजायला तयार झाले. ते पडद्यावरच्या नटासाठी. आतल्या घडीव चापासाठी जास्त पैसे मोजायची वेळ आली, तेव्हा यांनीच स्वस्त माल उचलला. फिटरच्या हाताची मजुरी गिऱ्हाइकाला नको होती, म्हणून कारखान्यालाही नको झाली. आणि आता म्हणे तो हात कुठे गेला! बैल गेला आणि झोपा केला, दुसरे काय?

तरीही त्यांची हळहळ मी खोटी मानत नाही. विकताना माणूस मनात एक गोष्ट गृहीत धरतो : नड भागली की परत घेऊ. पैसे परत येतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. वस्तूही परत येईल असे त्याला वाटते, कारण कारखाना चालू आहे, नाव चालू आहे, मॉडेलचा नंबर चालू आहे. त्याला कुणी सांगत नाही की तो रिव्हॉल्व्हर विकत नसून कारखान्यातल्या एका पिढीचे काम विकतो आहे, आणि ती पिढी निवृत्त झाली आहे. ही समज त्याला येते ती नवे हातात घेतल्यावर. म्हणून त्याचा पश्चात्ताप हा रडकेपणा नव्हे, ती साक्ष आहे. कारखान्याच्या हिशेबवहीत जे कुठेही लिहिलेले नाही, ते या माणसांच्या हळहळीत नोंदवलेले आहे.

राहिला तिसरा शहाणा. हत्याराचे कौतुक कशाला? अगदी रास्त प्रश्न, आणि माझे उत्तर सरळ आहे : मी हत्याराचे कौतुक करत नाही, त्याच्यावरच्या कामाबद्दल बोलतो. माणूस मारायच्या वस्तूवरही कुणी जीव ओतून काम केले, हे चमत्कारिक आहे, पण खरे आहे. हत्यार वाईट म्हणून त्यावरचा हात वाईट ठरत नाही. आणि हात नाहीसा कसा होतो हे शिकायचे तर रिव्हॉल्व्हराइतका चोख धडा नाही, कारण तिथे प्रत्येक बदलाला साल आहे, आकडा आहे. दुसऱ्या वस्तूंचे हात असेच गेले, पण कुणी नोंद ठेवली नाही.

आता म्हणाल, हे सगळे अमेरिकेचे, आपल्याला काय त्याचे? आहे ना. आपल्याकडे तर विकणे म्हणजे कायमचे जाणे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी हत्यार आणणे जवळजवळ बंद आहे. म्हणून इंग्रजांच्या काळातले बर्मिंगहॅमचे वेब्ली रिव्हॉल्व्हर घरात असेल तर त्याला दुसरा पर्याय नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याने वेब्लीच्याच धर्तीवर .३२ चे रिव्हॉल्व्हर केले, पण ज्यांनी दोन्ही हाताळली त्यांना फरक सांगावा लागत नाही. त्यात डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. एका परवानाधारकाला तीन हत्यारांची मुभा होती, ती दोनवर आली, आणि तिसरे वर्षभरात जमा करा असा हुकूम निघाला. कायद्याच्या हेतूशी माझे भांडण नाही, हत्यारे कमी झाली तर बरेच. पण तीनातले कुठले द्यायचे हे ठरवताना किती घरांत कुणी जाणत्याला विचारले असेल? सत्तरीत, सांग्यात, काणकोणात रानडुकरांपासून शेत राखायला ठेवलेल्या बंदुका आहेत. दर निवडणुकीला त्या पोलीस ठाण्यात जमा होतात आणि परत येतात. म्हातारा गेला की वारस आधी कटकटीचा विचार करतात. परवाना नावावर करा, नूतनीकरण करा, त्यापेक्षा देऊन टाका. बंदूक कुठली, कुणी केली, नळीवर काय कोरले आहे, हे बघायचीही तसदी नाही. परवाना सरकारचा असतो हो, पण आजोबांच्या वस्तूची ओळख ठेवायला परवाना लागत नाही.

आणि बंदुकीचेच कशाला? आमच्या गोव्यात शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या उतरवून काचा बसवल्या, त्या कुणी? शिसवीची कोरीव कपाटे, वेताच्या विणीच्या खुर्च्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला कुणी दिल्या? आम्हीच दिल्या. त्याने टेम्पोभर सामान नेले आणि आम्ही सनमायकाचे कपाट आणून वर म्हटले, जागा मोकळी झाली! पुढे तसलेच कपाट हवे म्हणून मेस्ताकडे गेलो, तर तो प्लायवूड दाखवतो. त्याचा दोष नाही. त्याच्या बापाला येत होते, त्याला शिकायची गरज पडली नाही, कारण करून घेणारा कुणी उरला नाही. स्प्रिंगफील्डचा फिटर आणि आमचा मेस्त एकाच वाटेने गेले. आपण मात्र अमेरिकन संग्राहकाला हसतो.

माझे म्हणणे असे नाही की काही विकूच नये. नड असते, मुलांची शिक्षणे असतात, घर लहान असते. विका जरूर. पण तीन गोष्टी आधी करा. वस्तू उघडून, उलटीसुलटी करून नीट बघा, तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचा. ती कुणी केली, कशी केली, घरात कशी आली, हे वहीत चार ओळींत लिहून ठेवा. आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा : उद्या ही पुन्हा करून घ्यायची म्हटली तर करणारा हात आहे का? असेल तर खुशाल विका आणि त्या हाताला काम द्या. नसेल तर निदान एवढे तरी समजून विका की येणारा पैसा हा त्या वस्तूचा मोबदला नाही.

दुकानात नाव पुन्हा मिळेल. नावे कंपन्यांना कधीच कमी पडत नाहीत.